‘खडबडीत’, ‘संपर्क’ आणि ‘अ‍ॅस्पेरिटी’ : घर्षणाचं मराठी करताना

प्रश्न :
एका अभियांत्रिकी टिपणाचं मराठी करते आहे. दोन रफ, इलॅस्टिक पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की ते नक्की कुठे आणि किती भिडतात, आणि घर्षणाचा त्याच्याशी काय संबंध, असा विषय. ‘घर्षण’ला अडलं नाही. अडलंय ते असं : ‘रफ’ म्हणजे खडबडीत की खरखरीत? ‘कॉन्टॅक्ट’ला संपर्क म्हणू की स्पर्श? आणि पृष्ठभागावरच्या त्या बारीक उंच भागांना, म्हणजे ‘अ‍ॅस्पेरिटी’ला, काही शब्द आहे का? सध्या ‘शिखर’ लिहिलंय. वाचताना मलाच खटकतंय.

प्रतिसाद १ :
खडबडीत डोळ्यांना दिसतं, खरखरीत हाताला लागतं. रस्ता खडबडीत, पॉलिशपेपर खरखरीत. केस किंवा कापड असेल तर राठ. ओबडधोबडमध्ये तर घडणच बिघडलेली. तुमचा मामला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा दिसतोय, तेव्हा खरखरीत.

प्रतिसाद २ :
असहमत. ग्राइंडिंग केलेला पार्ट हातात घेऊन बघा, गुळगुळीत लागतो. मोजला तर रफनेस अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. म्हणजे हाताला काही लागत नाही आणि टिपण म्हणतंय रफ! खरखरीत तिथेच बाद. (वर्कशॉपमध्ये आम्ही ‘रफनेस’च म्हणतो, पण ते भाषांतर नव्हे, हे मान्य.) ‘खडबडीत’ ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात सांगून टाका की हा खडबडीतपणा डोळ्यांना दिसेलच असं नाही.

आणखी एक. खडबडीत म्हटलं की वाचक मनातल्या मनात ‘म्हणजे घर्षण जास्त’ असं धरून चालतो. तसं नसतं. दोन स्लिप गेज (मोजमापाचे अतिशय गुळगुळीत ठोकळे) स्वच्छ पुसून एकमेकांवर दाबून सरकवले तर असे धरून बसतात की वरचा उचलला तर खालचाही वर येतो. फार गुळगुळीत झालं की चिकटतं.

प्रतिसाद ३ :
+१. आता ‘शिखरा’बद्दल. खटकतंय ते बरोबरच खटकतंय, आणि कारण निव्वळ भाषेचं नाही.

पुस्तकांतल्या आकृत्यांत हा पृष्ठभाग करवतीच्या दात्यांसारखा काढलेला असतो, कारण उभी मोजपट्टी आडवीच्या कितीतरी पट ताणलेली असते. खऱ्या प्रमाणात काढला तर उतार बहुधा काही अंशांचेच निघतात. मऊसर टेकाडंच ती. ‘शिखर’ किंवा ‘दाता’ म्हटलं की एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत अडकतात आणि ते घर्षण, हे जुनं चित्र परत येतं. त्यातली खोट स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्लीनं १८०४ मध्येच दाखवली होती : चढताना खर्च झालेली ऊर्जा उतरताना परत मिळते, मग सतत खर्च होतंय ते काय? माझं मत ‘उंचवटा’ या शब्दाला. साधा आहे आणि खोटं चित्र उभं करत नाही.

‘कॉन्टॅक्ट’चा प्रश्न मात्र खरा महत्त्वाचा. १६९९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतोंनं सांगितलं की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. हे ऐकून विद्यार्थी हमखास गोंधळतात, कारण ‘क्षेत्रफळ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक दिसणारं क्षेत्रफळ, दुसरं खरोखर भिडलेलं. विसाव्या शतकात बोडेन आणि टेबर या संशोधकांनी हा फरक ठसवला : घर्षण ठरतं ते खरोखर भिडलेल्या क्षेत्रफळावर. १० सेंटिमीटर बाजूचा चौरस पाया असलेलं, १० किलोचं पोलादी वजन पोलादावर ठेवा. दिसणारं क्षेत्रफळ १०,००० चौरस मिलिमीटर. उंचवटे कायमचे चेपून भार तोलतात असं धरून भाराला नरम पोलादाच्या कठीणपणाने (चेपायला लागणाऱ्या दाबाने) भाग दिला, तर भिडलेलं क्षेत्रफळ येतं एका चौरस मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढं. बाकी सगळी फट.

पण चेपलेला उंचवटा पुढच्या वेळी तसाच चेपत नाही, तो स्प्रिंगसारखा दबतो आणि परत येतो. तुमच्या टिपणातला ‘इलॅस्टिक’ इथे येतो, आणि पेचही इथेच. हर्ट्झच्या १८८१ मधल्या गणिताप्रमाणे सपाट पृष्ठभागावर एकच गोल टेकवला तर भार ८ पट केल्यावर क्षेत्रफळ ४ पटच होतं, ८ पट नाही. मग आमाँतोंचा नियम कसा टिकतो? आर्चर्डनं १९५७ मध्ये गोलावर छोटे गोल, त्यांवर आणखी छोटे अशी रचना धरली. क्षेत्रफळ भाराच्या ज्या घाताप्रमाणे वाढतं तो घातांक एका गोलाच्या २/३ वरून ८/९ वर गेला, मग २६/२७ वर. म्हणजे १ च्या, सरळ प्रमाणाच्या, जवळ सरकत राहिला. ग्रीनवुड आणि विल्यमसन यांनी १९६६ मध्ये वेगळी वाट धरली : उंचवट्यांची उंची सारखी नसते. भार वाढला की आधीचे टेकलेले पसरतात खरे, पण त्याच वेळी मागे राहिलेले नवे टेकू लागतात. एका उंचवट्यामागे सरासरी क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, वाढते ती संख्या. रबराचं वेगळं. ते इतकं मऊ की खाचाखोचांत शिरतं, आणि भिडायला जागाच उरली नाही की हे प्रमाण मोडतं.

प्रतिसाद ४ :
‘टेकलेले’, ‘टेकू लागतात’. वरच्या प्रतिसादात उत्तर आपोआपच आलंय की! ‘संपर्क’ आता फोनचा शब्द झालाय : संपर्क साधा, संपर्कात राहू. ‘स्पर्श’ हळुवार आहे, त्यात भार नाही. ‘टेकणे’मध्ये मात्र वजन येतंच : पाठ टेकली, पाय टेकले. (हात टेकले तर विषयच संपला.) खरं टेकलेलं क्षेत्रफळ आणि दिसणारं क्षेत्रफळ, असं लिहा.

प्रतिसाद ५ :
‘टेकलेलं’ छान आहे, पण गोळी उभ्या भिंतीवर दाबली तर ती ‘टेकली’ म्हणाल का? संज्ञा म्हणून ‘संपर्क’ ठेवावी, स्पष्टीकरणात ‘टेकणे’ वापरावं.

‘इलॅस्टिक’ला कृपया ‘लवचीक’ करू नका. लवचीक म्हणजे वाकतं ते. इथे सोडल्यावर मूळ आकारात येतं ते हवंय, म्हणजे स्थितिस्थापक. शाळेत घोकून शिकलेला हा शब्द कोणी इंग्रजीवरून बेतलेला नाही. वैशेषिक दर्शनात भाष्यकार प्रशस्तपादानं ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू पुन्हा पूर्वस्थितीला नेणारा तो तिसरा. वेग आणि भावना रोजच्या बोलण्यात आल्या, तिसरा भौतिकीच्या तासाला अडकून पडला.

प्रतिसाद २ (पुन्हा) :
भिंतीचा मुद्दा पटला.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं झालंय : ‘दोन खडबडीत स्थितिस्थापक पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर ते काही उंचवट्यांवरच टेकतात, या खऱ्या संपर्काचं क्षेत्रफळ भाराच्या प्रमाणात वाढतं.’ ‘खऱ्या’ की ‘प्रत्यक्ष’, एवढंच राहिलं.

प्रतिसाद ३ :
‘प्रत्यक्ष’ नको. अक्ष म्हणजे डोळा, आणि हे क्षेत्रफळ तर डोळ्यांना दिसतच नाही.