खाते खासगी ठेवूनही अनोळखी व्यक्तीला माझे नाव कसे सापडते?

निशिगंध:
एका समाजमाध्यमावरील माझे खाते मी पहिल्यापासून केवळ परिचितांपुरते ठेवले असून फोन क्रमांक, जन्मतारीख, पत्ता यांपैकी काहीही तेथे दिसत नाही. तरीही, जिच्याशी काही वर्षांपूर्वी कामानिमित्त एकदाच फोनवर बोलणे झाले होते, अशी एक व्यक्ती गेल्या महिन्यात मला ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ या यादीत दिसली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा संदेशही आला. आमच्यात समान मित्र कोणीच नाही. हा संबंध कसा जोडला गेला असेल? मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते आहे.

अनुस्वार:
बहुधा त्या व्यक्तीच्या फोनमधून. अॅपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी दिली, की यादीतील क्रमांक कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि ज्या खात्यांना ते क्रमांक जोडलेले आहेत त्यांच्याशी ताडून पाहिले जातात. तुमचा क्रमांक प्रोफाइलवर दिसत नसला तरी नोंदणी करताना दिलेला असला म्हणजे पुरे. याच सोयीचा गैरवापर करून सप्टेंबर 2019 पूर्वी गोळा केलेली सुमारे 53 कोटी फेसबुक वापरकर्त्यांची माहिती, फोन क्रमांकांसह, एप्रिल 2021 मध्ये इंटरनेटवर खुली झाली होती. ‘फोन क्रमांकावरून मला कोण शोधू शकते’ हा पर्याय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये वेगळा असतो आणि खाते खासगी केल्याने तो आपोआप बदलेलच असे नाही. तो आधी तपासा.

दूर्वांकुर:
शक्य असल्यास क्रमांकच काढून टाका, असे मी म्हणेन. दुहेरी पडताळणीसाठी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणाऱ्या सोयीसाठी) दिलेले क्रमांक फेसबुकने जाहिरातींसाठीही वापरले, हा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण संस्थेने 2019 च्या कारवाईत केला होता आणि त्या प्रकरणात कंपनीला 5 अब्ज डॉलरचा दंड भरावा लागला. पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर अॅप वापरता येते, ज्यात कोड फोनवरच तयार होतो आणि एसएमएसची गरज उरत नाही. मात्र सेटिंगमध्ये मिळणारे पर्यायी कोड आधी कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर खात्यात परतण्याचा दुसरा मार्ग हाती असला पाहिजे.

अनुस्वार:
सहमत. खात्याला जोडलेली जुनी अॅपही काढून टाकावीत. केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकला जोडलेले प्रश्नावलीचे अॅप वापरणारे साधारण 3 लाखच होते, पण त्यांच्या मित्रांचीही माहिती त्या अॅपला मिळाल्यामुळे, फेसबुकच्याच अंदाजानुसार, 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. मित्रांची माहिती अशी देण्याची सोय पुढे बंद झाली, तरी आपण स्वतः दिलेल्या परवानग्या आपण काढेपर्यंत टिकून राहू शकतात.

निशिगंध:
दोघांचेही मनापासून आभार. क्रमांकावरून शोधण्याचा पर्याय खरोखरच ‘सर्वांसाठी’ होता; तो मी बदलला आणि क्रमांकही काढला. पण तपासताना माझ्याच फोनमधील संपर्कयादी त्या अॅपकडे गेलेली आढळली. फोनमधून परवानगी काढल्यावरही आधी गेलेली यादी तेथे तशीच होती. ती ‘अपलोड केलेले संपर्क’ या पानावर जाऊन स्वतंत्रपणे पुसावी लागली. त्या यादीत चारशेहून अधिक लोक होते आणि त्यांच्यापैकी एकालाही मी विचारले नव्हते.