आमदार निधीतून रस्ता मंजूर, फलक लागला, पण काम सुरूच नाही. नक्की विचारायचं कुणाला?

गल्लीतला_रहिवासी

नमस्कार मंडळी. आमची गल्ली नगरपालिका हद्दीत आहे, तीसेक घरं. दिवाळीच्या आधी आमदार साहेबांच्या हस्ते भूमिपूजन झालं, नारळ फुटला, 'आमदार स्थानिक विकास निधीतून काँक्रीट रस्ता व गटार' असा फलक पण लागला. आता मे संपत आला तरी खडीचा एक ढीग पडलेला नाही. नगरपालिकेत गेलो तर म्हणतात हे काम आमच्याकडे नाही, बांधकाम विभागाला विचारा, तिथे म्हणतात आम्हाला अजून काही आलेलं नाही आणि साहेबांचे पीए म्हणतात पत्र दिलंय, निधी मिळालाय. मागच्या पावसाळ्यात माझी आई याच चिखलात घसरून पडली, मनगट मोडलं, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. आणि दुसरी भीती अशी की पाऊस तोंडावर आला म्हणून घाईत काम उरकलं आणि रस्ता उंबऱ्याच्या वर गेला तर? पलीकडच्या गल्लीत तेच झालं, लोक दारात विटा रचून पाणी अडवतात. नेमकं काय विचारू?

नियोजनवाला

दादा, आधी हे लक्षात घ्या की आमदार पैसे देत नाहीत, काम सुचवतात. पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. साहेबांचं पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, मग ज्या यंत्रणेने काम करायचं ती अंदाजपत्रक बनवते, तांत्रिक मान्यता होते, मग प्रशासकीय मान्यता म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची कामाला मंजुरी, मग टेंडर, शेवटी काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश. 'पत्र दिलंय' ही पहिली पायरी झाली, त्याच्या पुढे काम कुठेही अडकू शकतं.

म्हणून सगळीकडे एकच प्रश्न विचारा, प्रशासकीय मान्यता झाली का, झाली असेल तर क्रमांक आणि तारीख द्या. त्या कागदावर यंत्रणेचं नाव असतं, मग हे आमचं नाही म्हणायला जागा राहत नाही. मान्यताच नसेल तर बहुतेक वेळा जागेचा दाखला, म्हणजे जागा नगरपालिकेची आहे असा कागद, राहिलेला असतो. तुमची गल्ली जुन्या लेआउटमधली असेल आणि तो रस्ता नगरपालिकेकडे हस्तांतरितच झाला नसेल तर कागदावर ती खाजगी जागा, तिथे हा निधी लावता येत नाही. हे आधी तपासा, अशी कितीतरी कामं मी स्वतः पडून राहिलेली बघितलीत.

वॉर्डातली_ताई

मी थोडं वेगळं सांगते. २०२२ मध्ये आमदार निधी ४ कोटींचा ५ कोटी झाला, ऐकायला खूप वाटतं. पण २०२४ च्या विधानसभेला राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते, २८८ ने भागलं तर एका आमदाराच्या वाट्याला तीन लाखांच्या वर, म्हणजे वर्षाला एका मतदारामागे दीडशे रुपयांच्या आसपास. त्यात किती गल्ल्या होणार? मोठी कामं नगरोत्थान, जिल्हा वार्षिक योजना, दलित वस्ती सुधार अशा योजनांमधून होतात, तिथे आमदारांचा पाठपुरावा लागतो. त्यामुळे मला वाटतं साहेबांकडे निधी मागण्यापेक्षा संयुक्त पाहणी मागा, म्हणजे नगरपालिकेचा इंजिनिअर, बांधकामचा इंजिनिअर आणि पाणीपुरवठ्याचा माणूस तिघं एकाच वेळी तुमच्या गल्लीत उभे. आम्ही तेच केलं, तीस जणांच्या सह्या घेऊन कार्यालयात गेलो, पंधरा दिवसांत पाहणी झाली आणि जागेवरच कळलं की पाण्याची लाइन बदलायची बाकी होती म्हणून रस्ता थांबलेला. आठ महिने हे एकमेकांना कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि कुणी दाद देत नसेल तर माहिती अधिकार टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. २००५ च्या कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा आणि मालाचा नमुना घ्यायचाही हक्क आहे, हे लोकांना माहितीच नसतं.

साइटवरचा_माणूस

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, बरीच वर्षं साइटवर काढलीत. जुना रस्ता न खोदता त्यावर काँक्रीट ओतलं की रस्ता सहा-आठ इंच वर येतो आणि पाणी सरळ घरात. अंदाजपत्रकाची कॉपी घ्या, त्यात 'खोदाई' हा आयटम आहे का बघा, आणि गटार आधी की रस्ता आधी ते विचारा. गटार आधीच व्हायला पाहिजे, नाहीतर नवीन काँक्रीट परत फुटणार. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्यापासून भिंतीवर खडूने खूण करा, मुकादमाला आणि इंजिनिअरला दाखवा, फोटो काढा. ओतल्यावर निदान सात दिवस, उन्हाळ्यात दहा, छोटे बांध घालून पाणी तुंबवलं पाहिजे किंवा ओलं गोणपाट पाहिजे. दुसऱ्या दिवशीच कोरडं पडलं तर लगेच फोन करा. शिवाय ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती आहे ते विचारून ठेवा, त्या मुदतीत तडे गेले तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने.

गल्लीतला_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नियोजन कार्यालयात जाऊन आलो. प्रशासकीय मान्यता झालेलीच नाही, नियोजनवाल्यांनी म्हटलं तसं जागेचा दाखला राहिलाय, नगरपालिकेतून यायचाय. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देऊन पोच घेतली. सह्या गोळा करणं चालू आहे, एकोणीस झाल्या, सोमवारी साहेबांच्या कार्यालयात संयुक्त पाहणीचं पत्र देतोय. ताई, तुमच्या पत्राचा मसुदा असेल तर पाठवाल का?