घरच्या संगणकासाठी फाइल मॅनेजर : दोन पॅनेलचा की प्रणालीसोबत आलेला?

उत्खनक (धागालेखक) :
फोल्डर चाळणे आणि फायली इकडून तिकडे हलवणे हे घरच्या संगणकावरचे रोजचे काम आहे. तरीही त्यासाठीचा प्रोग्रॅम, म्हणजे फाइल मॅनेजर, आपण सहसा निवडत नाही, समोर येईल तो वापरतो. ज्याच्याकडे फोटोंचा साठा, स्कॅन केलेली कागदपत्रे आणि बॅकअपसाठी बाहेरची डिस्क आहे, त्याने दोन पॅनेलचाच फाइल मॅनेजर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८६ साली डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी आलेल्या नॉर्टन कमांडरने ही मांडणी रूढ केली : एका बाजूला मूळ फोल्डर, दुसऱ्या बाजूला जिथे न्यायचे तो, एफ-५ने कॉपी आणि एफ-६ने हलवणे. टोटल कमांडर, डबल कमांडर आणि मिडनाइट कमांडर ही मंडळी त्याच घराण्यातली. दोन्ही ठिकाणे एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्यामुळे फाइल भलत्याच फोल्डरात पडण्याचा संभव बराच कमी होतो.

सरळमार्गी :
असहमत. घरचा संगणक बहुधा एकट्याचा नसतो. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये एफ-५ दाबले की यादी ताजी होते, आपण सुचवलेल्या प्रोग्रॅममध्ये कॉपी सुरू होते. मिडनाइट कमांडरमध्ये एफ-८ने काढलेली फाइल तर रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते. एकाच्या सोयीसाठी घरातल्या इतरांनी ही जोखीम का घ्यावी? शिवाय एक्सप्लोररमध्ये २०२२पासून टॅब आहेत आणि लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपसोबत येणाऱ्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ-३ दाबताच खिडकी दुभंगते. वेगळे काही बसवण्याची गरज मला दिसत नाही.

उत्खनक :
डॉल्फिनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण त्याची उपयुक्तता आपण दोन पॅनेलवरूनच सिद्ध करत आहात! प्रणालीसोबत आलेल्या प्रोग्रॅमवर विसंबण्यात दुसरीही अडचण आहे : तो कसा असावा हे आपल्या हाती नसते. ग्नोम या लिनक्सवरच्याच दुसऱ्या डेस्कटॉपच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमध्येही एफ-३ची सोय होती, २०१२च्या ३.६ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली आणि अशाच बदलांवरील नाराजीतून लिनक्स मिंट या प्रणालीच्या निर्मात्यांनी नॉटिलसपासून निमो हा वेगळा फाइल मॅनेजर घडवला.

तिसरी बाजू :
आपण दोघेही पॅनेल मोजत आहात. मला माउसने ओढण्याचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. एक्सप्लोररमध्ये फाइल ओढून त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती हलते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली तर तिची प्रत होते. यामागे तांत्रिक कारण आहे, कारण एकाच विभाजनात, म्हणजे डिस्कच्या एकाच भागात, हलवताना फक्त फोल्डरातली नोंद बदलावी लागते, तर दुसऱ्या डिस्कवर नेताना मजकूर प्रत्यक्ष लिहून मग मूळ पुसावे लागते. परंतु हा हिशेब वापरणाऱ्याने दर वेळी मनात का करावा? प्रत करायची की हलवायचे, हे डॉल्फिन फाइल सोडताना विचारतो, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच असावा. फायलींचे विस्तार, म्हणजे नावाच्या शेवटी प्रकार सांगणारी अक्षरे, दिसतात की नाही हेही पाहावे. विंडोज ते मुळात लपवते, त्यामुळे बिल.पीडीएफ.ईएक्सई हे खरे तर प्रोग्रॅमचे नाव बिल.पीडीएफ असे साळसूद दिसते.

सरळमार्गी :
विस्तार दिसावेत हे मान्य, पण ते एक सेटिंग बदलून होते. ओढण्यातली संदिग्धता कट आणि पेस्टने टळते आणि या दोन आज्ञा घरातल्या प्रत्येकाला येतात. फोटोंसाठी तर मोठी लघुचित्रे दिसणे अधिक महत्त्वाचे. अरुंद पॅनेलमधली आयएमजी-००४७ अशा नावांची लांबलचक यादी पाहून कोणता फोटो ठेवावा हे कुणी ठरवू शकत नाही.

उत्खनक :
निवड करण्यासाठी लघुचित्रे हवीत, याबद्दल वाद नाही. पण कट आणि पेस्ट यांच्या मध्ये आपण दुसरा फोल्डर शोधत असतो आणि तेवढ्यात दुसरे काही कॉपी केले की आधीचे कट रद्द होते. फाइल जागच्या जागी सुरक्षित राहते हे खरे. मात्र ती हलली आहे अशी आपली समजूत असते आणि त्याच समजुतीवर कॅमेऱ्याचे कार्ड पुसले जाते. दोन पॅनेल शेजारी असतील तर कार्डावरचे फोटो डिस्कवर आले की नाही, हे पुसण्याआधीच दिसते. डबल कमांडर तर दोन्ही फोल्डरांची तुलना करून न आलेल्या फायली वेगळ्या दाखवतो.