उचकी लागतेच कशाला? ("आठवण" सोडून दुसरं कारण सांगा)

खोडरबर_०७
रविवारी जेवताना मला उचकी लागली. तांबडा रस्सा झणझणीत होता आणि मी घाईघाईत गरमच ओरपला, त्यामुळेच असणार, पण सासूबाई लगेच "कोण आठवण काढतंय बघ, नावं घे एकेकाची". मग काय, सगळे सुरू. मामा घे, नागपूरची काकू घे, तुझा तो बॉस घे... आठव्या की नवव्या नावाला, नाशिकच्या आत्यांच्या, थांबली. सासूबाईंचा चेहरा असा की वर्ल्डकप जिंकला. माझी लेक आठ वर्षांची, ती म्हणे आत्याआजीने तिकडे आठवण काढली ते आईच्या पोटाला कसं कळलं? आणि थेट फोनच लावला. आत्या दुपारच्या गाढ झोपेत होत्या, उठवलं म्हणून जाम वैतागल्या. सासूबाई म्हणाल्या, स्वप्नात काढली असेल.

तर प्रश्न असा की खोकला कळतो, शिंक कळते, काहीतरी बाहेर टाकायचं असतं. उचकीने काय साधतं? आणि नाव घेतल्यावर ती थांबते हे खरंच बघितलंय हो मी, उगाच नाही म्हणत.

निवृत्त_मास्तर
लेकीला पैकीच्या पैकी मार्क द्या आधी.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा स्नायू असतो, श्वासपटल, डॉक्टर लोक डायफ्रॅम म्हणतात. तो अचानक आवळला जातो आणि हवा आत खेचली जाते. पण साधारण ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी मिटायच्याही आधी, घशातलं स्वरतंतूंचं दार धाडकन बंद होतं. तो 'हिक्' आवाज त्या बंद दाराचा. गरम, तिखट, भसाभस खाणं, सोडा, खूप हसणं यांनी त्या वाटेवरच्या नसा चाळवतात. त्यामुळे तुमचा रस्साच आरोपी आहे, आत्याबाई निर्दोष.

आता उपयोग. गंमत म्हणजे मोठ्या माणसाला काहीच नाही. पण पोटातलं बाळ उचक्या देतं, तेही श्वासाच्या हालचाली नीट सुरू होण्याच्या आधीपासून. शेवटच्या महिन्यांत आईला पोटात एका लयीत टुकटुक जाणवतं ना, ते बऱ्याचदा हेच. तेव्हा ही फार जुनी सवय दिसते. २००३ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की हिचं मूळ बेडकाच्या पिल्लात असावं. त्या पिल्लाला कल्लेही असतात आणि फुप्फुसंही. कल्ल्यांवरून पाणी ढकलताना ते पाणी फुप्फुसात शिरू नये म्हणून घशाचं दार बंद करतं. आत ओढायचं आणि लगेच दार लावायचं, हुबेहूब उचकी! शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की पिल्लाची ती हालचाल मंदावते आणि श्वास रोखून धरला की आपली उचकीही बऱ्याचदा थांबते. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. २०१२ मध्ये कॅनडातल्या डॅनिएल हाउज यांनी वेगळंच सुचवलं. दूध पिताना बाळाच्या पोटात हवा जाते, ती उचकीने वर निघते आणि दुधाला जागा होते. सस्तन प्राण्यांतच उचकी दिसते, त्याच्याशी हे जुळतं.

तिसरं लंडनचं, २०१९ चं. तिथे १३ नवजात बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं तर प्रत्येक उचकीबरोबर मेंदूत लहरी उठताना दिसल्या. त्यांचं म्हणणं, बाळाचा मेंदू यातून श्वासाचे स्नायू ओळखायला शिकत असावा. आमची आजी बाळाला उचकी लागली की टाळूवर दोऱ्याचा तुकडा ठेवायची आणि "वाढ लागलीय त्याला" म्हणायची. दोऱ्याचं माहीत नाही, पण "वाढ" अगदीच हवेत नव्हती म्हणायची.

चहाबाज
मास्तर __/\__
नावं घेतल्यावर थांबते कारण ती तशीही पाचदहा मिनिटांत थांबणारच असते. तुम्ही नावं घेत राहता आणि थांबते तेव्हा जे नाव तोंडात असेल त्याच्या खात्यावर जमा. आधीच्या आठ जणांचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय एकामागून एक नावं घेताना श्वास आपोआप लांबतो, त्याचाही हातभार असेल.

रच्याकने, चमचाभर कोरडी साखर गिळून बघा. १९७१ मध्ये अमेरिकेत २० जणांना दिली होती, १९ जणांची लगेच थांबली. आणि २००६ चं वैद्यकाचं इग्नोबेल (विचित्र, हसू येणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीचं बक्षीस) काही डॉक्टरांना कशासाठी मिळालं ते जेवताना वाचू नका. गुदद्वारात बोट घालून उचकी थांबवल्याबद्दल. मी साखरेवर समाधानी आहे.

गच्चीतली_तुळस
हसले, पण एक सांगते. बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून उचकी सुरू. नातेवाईक भेटायला यायचे आणि प्रत्येक जण "अहो सगळे आठवण काढताहेत तुमची". तिसऱ्या रात्री झोप नाही, जेवण नाही, टाके ओढले जाताहेत, माणूस अक्षरशः रडवेला. नर्सला दोनदा सांगितलं तर पाणी पाजा म्हणाली. शेवटी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन लिहून दिलं. मी मोबाइलवर शोधलं तर मानसिक आजाराचं औषध निघालं, घाबरलेच. पण उचकीसाठी ते जुनंच वापरात आहे म्हणाले आणि रात्रीत थांबली. तेव्हा ४८ तासांच्या वर गेली तर नावं घेत बसू नका, दाखवा. किडनी, मेंदू, पोट, कुठलाही बिघाड मागे असू शकतो.

चहाबाज
+१. अमेरिकेत चार्ल्स ऑस्बोर्न नावाच्या शेतकऱ्याला १९२२ मध्ये कापायच्या डुकराचं वजन करताना लागली ती १९९० पर्यंत. ६८ वर्षं! लग्नं, आठ मुलं, सगळं उचकत उचकत. एवढी आठवण कोण काढत होतं कोण जाणे. डुक्कर असेल.

खोडरबर_०७
सगळ्यांना धन्यवाद. लेकीने वहीत तक्ता केलाय, कोणाला उचकी, काय खाल्लं, किती वेळ. आज सासूबाईंनाच लागली. नाव-बिव काही न घेता तिने सरळ चमचाभर साखर भरवली आणि थांबली, लगेच! लेक नाचायला लागली तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "साखर खाताना मी मनातल्या मनात नाशिक म्हटलं होतं."