बंद पडलेली बुलेट पिकअपमधून चोपड्याहून पुण्याला न्यायची आहे, चढवू कशी आणि बांधू कशी?

तापीकाठचा
राम राम मंडळी. वडलांची १९८९ ची बुलेट आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. चार वर्षं चोपड्याजवळ गावी खळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे आणि इंजिन जाम झालंय, किक खालीच जात नाही. वडील गेल्यापासून तिला कुणी हात लावला नाही, आता मी पुण्याला नेऊन नीट करून घ्यायचं ठरवलंय. चुलतभावाची बोलेरो पिकअप पुढच्या आठवड्यात रिकामी पुण्याला जातेय, तो म्हणतो टाकून देऊ, पण त्याने आजवर केळी आणि खताच्या गोण्याच वाहिल्यात. रस्ता एरंडोल, भडगाव, चाळीसगाव आणि मग कन्नड घाट, म्हणजे वळणं आलीच. कुणी नेली असेल तर नीट सांगा. टाकीवरच्या सोनेरी रेषा अजून जशाच्या तशा आहेत, आईचा सगळा जीव त्यात आहे.

केळीवाला रावेर
भाऊ आधी फळी शोधू नको, बांध शोध. पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट असतो, तेवढा उंच बांध नाहीतर पाटाचा भराव गावात कुठंतरी असतोच, पिकअप त्याला मागून लाव, फाळका खाली सोड आणि गाडी सरळ आत ढकल. जिनिंगचा माल भरायचा ओटा मिळाला तर अजून चांगलं. पुण्यात उतरवतानाही असाच ओटा लागेल, तो आत्ताच बघून ठेव, बरेच जण हे विसरतात आणि मग रात्री रस्त्यात माणसं शोधत बसतात.

फळीच लावायची वेळ आली तर ८ फुटी घे. तुझी गाडी पावणेदोनशे किलोच्या आसपास धर, तीन फूट चढायला ८ फुटी फळीवर साधारण ६५ किलोचा जोर लागतो, ६ फुटी असली तर तोच ८५ च्या वर जातो. फळी हौद्याच्या कडेवर टेकव, लोंबत्या फाळक्यावर नको, आणि वरचं टोक दोरीने हौद्याला बांधून टाक कारण चाक वर चढताना फळी मागे सरकते आणि माणूस गाडीखाली येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेजारी माणसाला चालायला दुसरी फळी लाव. एक जण हँडलला, दोघं मागून, आणि चौथा हौद्यात उभा राहून पुढून बांधलेला दोर केबिनमागच्या पाइपाला एक वेढा देऊन ओढत राहील, म्हणजे हात सुटला तरी गाडी मागे येणार नाही. नुसत्या पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नको, चढावर वजन मागच्या चाकावर असतं आणि पुढचं चाक घसरतं. दम धरीसन करजो भो.

गॅरेजवाला अमळनेर
वरचं सगळं बरोबर, मी बांधण्याचं सांगतो. इंजिन जाम आहे म्हणून ढकलताना न्यूट्रल ठेवा, आत गेली की गिअरमध्ये टाका, जाम इंजिनमुळे मागचं चाक आपोआप लॉक होतं, तेवढा एक फायदा. पुढचं चाक केबिनच्या बाजूला पुढच्या पत्र्याला टेकवा, मध्ये जुना टायर. स्टँड दोन्ही वर. साइड स्टँडवर ठेवून बांधलं तर प्रत्येक खड्ड्याचा मार स्टँडवर आणि फ्रेमवर बसतो.

बेल्ट खटक्याचेच घ्या, म्हणजे दांडा हलवला की एकेक खटक्याने कसत जाणारे, नायलॉनची दोरी ताणते. पुढचे दोन हँडलला बांधू नका, खाली शॉकअप जिथं धरलेत त्या ‘टी’च्या पट्टीमधून काढा आणि दोन्ही बाजूंना खाली-पुढे ओढा. शॉकअप अर्धे दबले की थांबा, पूर्ण दाबले तर ऑइल सील जातात. मागचे दोन फ्रेमला, मागच्या बाजूला ओढून, ते नुसतं मागचं चाक उडू नये म्हणून. जिथं बेल्ट पत्र्याला किंवा रंगाला लागतो तिथं गोणपाट घाला, आणि टाकीवरून एकही बेल्ट नेऊ नका. पेट्रोल काढून घ्या, कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि जागा आहे म्हणून आडवी पाडून अजिबात नेऊ नका, ऑइल आणि बॅटरीचं पाणी सगळीकडे होतं.

भुसावळकर
रेल्वे पार्सलचाही विचार करा, पेट्रोल रिकामं करून पॅकिंग करावं लागतं, आरसी लागते. पण भाऊची पिकअप रिकामीच जातेय तर पिकअपमधूनच नेण्यात अर्थ आहे. कागदं गाडीसोबतच ठेवा, रस्त्यात विचारतात.

पारोळ्याचा मुलगा
मी माझी गाडी अशीच नेली होती, घाईत नुसती हँडलला दोरी बांधून. कन्नड घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर हँडल फिरलं, दोरी ढिली झाली आणि गाडी हौद्याच्या कडेवर आडवी पडली. क्लचचा दांडा वाकला, टाकीला मूठभर पोचा. नवीन गाडी होती, पहिल्या पगारातून घेतलेली, अजून तो पोचा बघितला की वाईट वाटतं. दादा निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून बेल्ट बघच, आणि घाटाच्या आधी परत एकदा. माझे तेवढेच पाच मिनिट वाचले होते.

तापीकाठचा
मंडळी, पोचली. गावच्या पाटाच्या भरावावरून चढवली, फळी लागलीच नाही, पाच मिनिटांत आत. बेल्ट चार, सगळीकडे गोणपाट, टाकीवर आईने तिची जुनी गोधडी टाकली. एरंडोलला थांबलो तर काही नव्हतं पण चाळीसगावला बघितलं तेव्हा पुढचा डावा बेल्ट दोन खटके ढिला झाला होता, तो घाटाच्या आधी कसला. भाऊने सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये काढला. रेषांना काही झालेलं नाही. पारोळ्याच्या मित्रा, तुझ्यामुळे चाळीसगावला थांबलो, खरं सांगतो.