मदत हवी आहे: प्रेस शॉपमध्ये ९८ डेसिबल, कानात घालायचे प्लग दिलेत पण कुणी घालत नाही

प्रेसलाइन_भोसरी
शीट मेटलचं शॉप, सहा पॉवर प्रेस, जास्त करून ब्लँकिंग (पत्र्यातून आकार कापणं). ऑपरेटरच्या कानाजवळ ९८ डीबीए (माणसाच्या कानाला जुळवून मोजलेले डेसिबल) भरतं. एनआरआर (प्लग किती डेसिबल उतरवतो त्याचा पाकिटावरचा आकडा) २९ चे फोमचे प्लग वाटलेत. पोरं म्हणतात, एक तर आवाज कमी होत नाही, आणि झालाच तर डायचा (पत्रा कापणाऱ्या साच्याचा) आवाज बदललेला कळत नाही. खरेदी विभाग म्हणतो एनआरआर ३३ चे घ्या, नाहीतर वरून मफ (पूर्ण कान झाकणारी वाटी) द्या. काय करावं?

कानाचा_हिशेब
९८ मधून २९ वजा करून ६९ धरत असाल तर आधी ते सोडा. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. मीटर डीबीएवर असेल तर ओशाचा (अमेरिकेतली सरकारी कामगार-सुरक्षा यंत्रणा) सावध हिशेब असा: एनआरआरमधून ७ वजा, उरेल त्याचं निम्मं. म्हणजे २९ च्या प्लगचे ११ मिळतात, कानात ८७ पोचतात. ३३ च्या प्लगचे १३. दोन डेसिबलसाठी सगळा स्टॉक बदलू नका. प्लगवर मफ चढवला तर दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही. जो मोठा त्यात फक्त ५ मिळवा.

आपल्या कारखाना नियमांच्या तक्त्यात ९० ला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २. म्हणजे ९८ ला उघड्या कानाने अडीच तासांच्या आसपास. नायॉशची (अमेरिकेतलीच कामगार-आरोग्य संशोधन संस्था) शिफारस कडक आहे: ८५ ला ८ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने ९८ ला जेमतेम २४ मिनिटं.

"आवाज कमी होत नाही" म्हणजे बहुतेक प्लग अर्धाच आत जातोय. स्वच्छ, कोरड्या हातांनी तो सुरकुती न पडता काडीसारखा बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. ही शेवटची पायरीच सगळे गाळतात. थंडीत फोम कडक होतो, सावकाश फुगतो. तपासणी सोपी: चालू शॉपमध्ये दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच उतरला तर प्लग नीट बसलेला नाही.

दुसरं, किती वेळ घालतात. आठ तासांतली ४८ मिनिटं जरी प्लग काढून ठेवला, तरी कितीही भारी प्लगचं संरक्षण १० डेसिबलच्या पुढे जात नाही. चहाला शॉपबाहेर गेल्यावरच काढा, मशीनजवळ नाही.

टूलरूम_कट्टा
प्लग नंतर. आधी एअर ब्लो (पार्ट उडवणारी दाबाची हवा) बघा. पार्ट उडवायला कापलेली तांब्याची नळी लावली असेल तर निम्मा गोंगाट तिथेच असतो. बहुछिद्री नोझल लावा, दाब पार्ट उडेल इतकाच ठेवा, आणि हवा सतत न सोडता स्ट्रोकला टायमिंग देऊन सोडा. स्क्रॅपच्या चुटीला आतून रबर. पंचला शिअर दिला (कापणारी कड तिरकी केली) किंवा पंच पायरीने कमी-जास्त ठेवले की दणका एकदम बसत नाही. पार्ट वाकतोय का तेवढं पाहा.

एक जपा: प्रेसच्या हवेवर चालणाऱ्या क्लच-ब्रेकच्या एक्झॉस्टला बाजारातला कुठलाही सायलेन्सर ठोकू नका. तो तेलाने चोंदला की हवा उशिरा निघते आणि प्रेस थांबायला वेळ लागतो. हाताशी खेळ आहे. प्रेस बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाचाच बसवा, साफसफाई मेंटेनन्सच्या यादीत घाला आणि स्टॉप टाइम मोजा.

आणि सहापैकी एकच प्रेस शांत केलात तर मीटर फारसं हलणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा. सारख्या आवाजाच्या दोन मशीनपैकी एक बंद केलं तरी ३ डेसिबलच उतरतात.

प्रेसलाइन_भोसरी
एअर ब्लो पाच प्रेसवर आहे, नळ्याच आहेत. 😐 पण डायच्या आवाजाचं काय? शिवाय दोघांना सुट्टीनंतरही कानात शिट्टी वाजते.

कानाचा_हिशेब
प्लग गोंगाट आणि डायचा आवाज दोन्ही खाली आणतो. कान चांगला असेल तर सवयीने फरक पुन्हा कळायला लागतो. फोम मात्र वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातो, म्हणून सेटरला (डाय लावून जुळवणाऱ्याला) सगळ्या पट्ट्यांत सारखा उतार देणारा प्लग द्या. कानात ७५ ते ८० पोचले की पुरे. ७० च्या खाली नेलंत तर माणूस एकटा पडतो आणि प्लग काढतो. प्लग घातलेला माणूस नकळत हळू बोलतो, तेव्हा मोठ्याने बोलायला सांगा. हूटरसोबत दिवा लावा. चष्मेवाल्यांना मफ नको, काडीमुळे फट राहते.

शिट्टीवाल्या दोघांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) लगेच करा, पण शिफ्ट संपल्या संपल्या नाही. आधी किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहू द्या, नाहीतर तात्पुरता थकवाही बहिरेपणात मोजला जाईल. आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो का ते पाहा. कान दुखत असेल, वाहत असेल तर प्लग बंद, मफ द्या आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवा. गोंगाटाने आलेला बहिरेपणा सरकारला कळवायच्या आजारांच्या कायदेशीर यादीत आहे, त्यामुळे निदान झालं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं लागतं. बाकीच्यांचीही ऑडिओमेट्री आत्ताच करून घ्या. पहिला आलेख हाताशी नसेल तर पुढच्या वर्षीचा कशाशी ताडून पाहणार?