मदत हवी आहे : आज्जीची जन्मनोंद आणि काचेला चिकटलेला फोटो

नमस्कार मंडळी. आमची आज्जी मागच्या श्रावणात गेली. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायचीय, पण पहिल्याच पानावर गाडी अडलीय. जन्मतारीख!

आधारवर १ जानेवारी आहे, म्हणजे अंदाजपंचे. तिला विचारलं की म्हणायची, "संस्थान इलीन झालं तवा तुझा बा पोटात हुता, आता कर हिशोब." कोल्हापूर संस्थानाचं विलीनीकरण १ मार्च १९४९ चं. बाबांच्या आधी दोन आत्या, लग्न पंधराव्या वर्षी. म्हणजे १९२९-३० च्या आसपास जन्म असावा. माहेर करवीर तालुक्यातलं. संस्थानकाळातल्या गावच्या जन्मनोंदी कुणी काढल्यात का? तहसीलमध्ये विचारायचं की थेट पुराभिलेखागारात? आणि नोंद मोडीत असली तर वाचून देणारं कुणी आहे का? मानधन देऊ.

दुसरं जरा नाजूक आहे. तिचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, नऊवारी, हातात पितळी तांब्या. २०१९ च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा तो फ्रेमसकट भिजला आणि काचेलाच चिकटून वाळला. एक कोपरा मी नखानं उचलायला गेलो, तर तांब्याची कड काचेवरच राहिली. तेव्हापासून हात लावलेला नाही. काचेसकट स्कॅन करून चांगला निघतो का? कोल्हापुरात असं काम करणारा जुना फोटोवाला असेल तर सांगा. मोबाईलवर 'रंगीत करून देतो' म्हणणारे नकोत, त्यात आज्जीचं गोंदण गायब होतंय.